भीमेकाठी करंज नव्हता

तालिया आणि योनतान,

तुम्हा दोघांना मराठी ऐकून कळते, वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे तुमच्या आईने वाचून दाखवायचे आहे. एका बैठकीत, मध्ये फोन न घेता. आणि तिने माझी वाक्ये सोपी करू नयेत. मी शिरूरच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवले. सोपे लिहिणे मला येते.

आत्ताच का, तेही सांगते. मागच्या शुक्रवारी मी शब्बाथच्या दिव्याची तयारी करीत होते आणि तालियाचा फोन आला. विद्यापीठात तिने अभ्यासाला विषय घेतला आहे: ग्रीकांच्या राज्यात लिहिलेल्या यहुदी साहित्यातील स्त्रियांच्या प्रतिमा. एकेका बाईचे वर्णन करून तिने विचारले, "आजी, दौंडला तुम्हाला या ठाऊक होत्या?" मी म्हणाले, "होत्या. त्यांतली एक आमच्या घरात राहायची." तालिया हसली. तिला वाटले, म्हातारी गंमत करते आहे. मी गंमत करीत नव्हते. पण दिवा लावायची वेळ झाली होती, आणि दिवा लावल्यावर मी फोन हातात घेत नाही. म्हणून हे लिहिणे.

इथे मार्गशीर्ष लागला आहे. शिरूरच्या रस्त्यावरून दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जातात, एकामागे एक जोडलेल्या, आणि त्यांच्यावरचे कर्णे एकमेकांवर ओरडतात. ट्रॉली गेली की मागे कांड्या पडून राहतात, गाड्यांच्या चाकांखाली चिरडतात, आणि दुपारपर्यंत रस्त्याला गोड आंबूस वास सुटतो. माझ्या लहानपणी दौंडला याच दिवसांत कोळशाचा वास असायचा. थंडीमुळे इंजिनांचा धूर वर चढत नसे, रेल्वे क्वार्टरांच्या कौलांवर बसून राहायचा. आईच्या दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे कण पडत. ते झटकायचे नाहीत, हलकेच फुंकायचे, असा घरचा नियम होता. झटकले की डाग पडतो.

दौंडला आपली यहुद्यांची मूठभर घरे होती, सगळी रेल्वेची. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, तारबाबू. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, कामावर जावे लागते म्हणून चिडणारे, आणि तरी जाणारे. सिनेगॉग नव्हते. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधली पुढची खोली प्रार्थनेसाठी ठेवली होती. त्या खोलीची आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. कान लावायची गरजच नसे. तिकडे कुणी खोकले तरी आईच्या हातातली पोळी थांबायची.

हिवाळ्यातला दिव्यांचा सण आपल्याकडे फार उशिरा आला. आपले वाडवडील ग्रीक राजाच्या जाचाला कंटाळून निघाले आणि कोकणच्या किनाऱ्यावर त्यांचे जहाज फुटले, असे सांगतात. मागे राहिलेल्यांनी लढाई केली, मंदिर परत मिळवले, दिवे लावले, यातले आपल्याला काही कळले नाही. शेकडो वर्षांनी बाहेरचे लोक येऊन सांगू लागले तेव्हा कळले. त्या जहाजातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या म्हणतात. मी बाबांना विचारले होते, "त्या सात बायकांची नावं काय?" बाबा म्हणाले, "बायका होत्या, एवढं पुरे की." तालिया, तुझ्या अभ्यासातल्या बायका त्याच काळातल्या. आपल्या सात जणी जहाजात चढल्या, आणि मागे कुणीतरी पुरुष बायकांविषयी लिहायला बसला.

दिव्यांच्या सणाला दौंडला कीर्तन होई. आपले लोक कोकणातून येताना बाजाची पेटी आणि कीर्तन घेऊन आले होते. ध्रुपद धरायला बायका, आख्यान सांगायला जो चांगला गाईल तो. आणि चांगली गायची ती मिल्काआत्या.

आत्या बाबांची धाकटी बहीण. तिचा नवरा फायरमन होता. लग्नानंतर लवकरच तापाने गेला. ती रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती आणि आमच्याकडे राहायची. पांढरी साडी, पायांत काळे बूट, आणि सायकल. दौंडमध्ये सायकलवरून जाणारी बाई तेव्हा ती एकटीच. ती हसली की यार्डात शंटिंग करणारा माणूस मान वर करून बघे. आई म्हणायची, "मिल्का, हळू हस. दादांची ड्यूटी रात्रीची होती, झोपलेत." आत्या म्हणायची, "वहिनी, इंजिनं शिट्ट्या मारतात तेव्हा झोपतात ना ते? मी काय इंजिनापेक्षा मोठी आहे?"

त्या हिवाळ्यात ती खुशीत होती. आपल्यातली बरीच घरे इस्राएलला निघाली होती आणि तिकडे नर्स हव्या होत्या. आत्या एकटी जायला तयार होती. पण नुसते तयार असून चालत नसे. समाजाच्या मुकादमाने, म्हणजे प्रमुखाने, सांगावे लागे की ही बाई आमच्यातली आहे, चांगल्या चालीची आहे. तेवढा शब्द मिळाला की ती जाणार. आम्हा मुलांना ती जहाजाची गोष्ट उलटी करून सांगायची. "आता मी परत चालले. या खेपेला नाव सांगून जाणार."

दुपारी आमच्या स्वयंपाकघरात बायका तालमीला जमत. शेंगा सोलता सोलता ध्रुपद म्हणत आणि मधून गप्पा. त्या हिवाळ्याआधीच्या सणांना आत्याने इतर आख्याने लावली होती. एक विधवा शत्रूच्या सेनापतीच्या तंबूत जाते. त्याच्या घरचे अन्न आपल्याला चालत नाही म्हणून जेवणाची पिशवी बरोबर घेऊन जाते, आणि परत येताना त्याच पिशवीतून त्याचे मुंडके आणते.

"बघा," त्या हिवाळ्यातही आत्या म्हणायची, "विधवेनं मुंडकं आणलं तर सगळं गाव म्हणालं, धन्य गं बाई. आमच्यात विधवा सायकलवर बसली तर यांच्या पोटात दुखतं."

"तू आण की एखादं मुंडकं, मग बस सायकलवर," गार्डची बायको म्हणाली.

"आणते. कुणाचं आणू सांगा. पिशवी वहिनींची घेते."

आई तोंडाला पदर लावून हसली होती. मला ते हसणे आठवते, कारण त्या मोसमात ती पुन्हा हसली नाही.

दुसरी एक आई. ग्रीक राजा तिच्या सात मुलांना डोळ्यांसमोर मारतो आणि ती एकेकाला म्हणते, धर्म सोडू नकोस. तिला नाव नाही. हे आख्यान पुरुषांना फार आवडे. एक मुलगी होती, जिचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मरतात. घरातल्या दासीसुद्धा तिला टोचून बोलतात, नवरेखाऊ म्हणतात. ती गळफास घ्यायला निघते आणि थांबते, कारण बापाचे नाव खराब होईल. हे आख्यान आत्याने कधी लावले नाही. "सातांचं राहू द्या," ती म्हणाली होती, "एकाचंच मला पुरतं ऐकवतात."

तालिया, तू म्हणालीस की त्या काळातल्या एका शहाण्या माणसाने लिहून ठेवले आहे, मुलगी म्हणजे बापाच्या झोपेवरचा घाला. लग्नाआधी काळजी, लग्नानंतर काळजी. फोनवर तू चिडली होतीस. मी चिडले नाही. मी ते भिंतीपलीकडून ऐकत वाढले आहे, चांगल्या मराठीत.

त्या वर्षी आत्याने बागेतल्या बाईचे आख्यान निवडले. तुझ्या यादीत ती आहेच; योनतानसाठी सांगते. एक बाई स्वतःच्या बागेत अंघोळीला जाते. समाजाचे दोन वडीलधारे, न्यायाला बसणारे, लपून बघतात आणि म्हणतात, आमचे ऐक, नाहीतर तुझ्यावर आळ घेऊ. ती ऐकत नाही. ते भर सभेत सांगतात, ही झाडाखाली एका तरुणाबरोबर होती. सभा तिला मरणाची शिक्षा देते. तेवढ्यात एक पोरगा उठतो, दोघांना वेगळे करतो आणि एकेकाला विचारतो, कोणत्या झाडाखाली? एक एक झाड सांगतो, दुसरा दुसरे. खोटे उघडे पडते, बाई सुटते.

ही पुस्तके आपल्या रब्बींनी पवित्र ग्रंथात घेतली नाहीत, ख्रिस्ती लोकांनी घेतली. मिशनच्या शाळेतून ती गोष्ट कुणीतरी मराठीत आणली आणि कीर्तनात बसवली. जुन्या कीर्तनात त्या दोन झाडांची नावे परदेशी होती, म्हणताना जीभ अडखळे. आत्याने ती काढून टाकली आणि शेंगा सोलता सोलता दोन ओळी जोडल्या:

चिंच म्हणशील, चेचील तुला,
करंज म्हणशील, करवतील गळा.

म्हणजे देव चेचील, देव करवतील. बायकांना त्या ओळी इतक्या आवडल्या की तालीम संपल्यावर त्या भांडी घासताना तेच म्हणत. तालिया म्हणते, मूळ ग्रीकमध्येही झाडांच्या नावांवर असाच शब्दांचा खेळ आहे. आत्याला हे कुणी सांगितले नव्हते. तिला यमक हवे होते. चिंच आपल्याकडे सगळीकडे होती. करंज तिच्या माहेरचा, अलिबागकडच्या खाडीचा. दौंडच्या कोरड्या रेल्वे वस्तीत आम्हा मुलांनी करंज पाहिलेलाच नव्हता.

मुकादमही नोकरीने गार्डच होते. हिरवा बावटा दाखवला की गाडी निघते, लाल दाखवला की थांबते, ही सवय त्यांना समाजातही लागली होती. बायको वारलेली, मुले मोठी. एका दुपारी आई बाजारात गेली होती. मी ओट्यावर गणिते करीत होते. मुकादम आले, "मिल्का, पाणी दे गं," म्हणत सरळ आत गेले. थोड्या वेळाने आतून तांब्याचा आवाज आला, आणि मुकादम बाहेर आले ते सदरा पुढून ओला. माझ्याकडे न बघता गेले. आत्या दारात येऊन उभी राहिली. रिकामा तांब्या पालथा करून ती म्हणाली, "मुकादमांना तहान फार लागलेली. सांडेपर्यंत प्यायले."

आख्यानातल्यासारखे इथेही साक्षीदार दोन झाले; दुसऱ्याविषयी मला वाईट बोलवत नाही आणि चांगलेही सापडत नाही. ते गबई होते, प्रार्थनेच्या खोलीची व्यवस्था पाहणारे. नोकरी तारबाबूची. दुसऱ्याचा निरोप जसाच्या तसा पुढे पाठवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. मुकादमांनी दिलेला निरोपही त्यांनी तसाच पुढे पाठवला, एवढेच.

निरोप असा होता: मिल्का दिवेलागणीला भीमेच्या काठी झाडाखाली एका परक्या माणसाबरोबर होती. आम्ही दोघांनी पाहिली. अशा बाईला आम्ही चांगल्या चालीची कशी म्हणणार?

बाबांनी हे घरी येऊन सांगितले तेव्हा आई भाकरी थापत होती. ती थांबली. परातीतल्या पिठावर तिची बोटे तशीच राहिली. मग तिने हात धुतले, उसाच्या रसात शिजवलेला तांदूळ दोन वाट्यांत भरला, एक वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चल." मला तेव्हाच कळले ती काय करणार आहे. आम्ही सगळ्या दीड महिना तेच तर गात होतो.

मुकादम दारातच बसले होते. आईने वाटी ठेवली आणि अगदी साधेपणाने विचारले, "भाऊ, आमची मिल्का कोणत्या झाडाखाली होती?"

"करंजाखाली," मुकादम म्हणाले. क्षणही लागला नाही.

गबईंच्या घरी त्यांची बायको आईला आत बोलवत होती, आई गेली नाही. उभ्या उभ्याच विचारले. गबई भिंतीकडे बघत म्हणाले, "करंज... करंजच होता वहिनी. चांगला मोठा."

घरी बाबांना तिने सांगितले, आणि बाबांचा चेहरा पडला. "मग झालंच की," ते म्हणाले. "दोघांचं झाड एकच निघालं. म्हणजे खरंच असणार."

ही गोष्ट मी आयुष्यभर उलटसुलट करून पाहिली आहे. दोन हजार वर्षे ते आख्यान सांगितले जात होते, ऐकणारे रडत होते, आणि त्या दोघांनी त्यातून एकच धडा घेतला: झाड आधी ठरवून ठेवावे. आणि ठरवताना दुसरे झाड कशाला सुचेल? दीड महिना भिंतीपलीकडून करंज कानांवर पडत होता. तो तिनेच आणला होता, तिच्या माहेरच्या खाडीवरून, यमकासाठी. तिच्याच झाडाखाली त्यांनी तिला उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला घेऊन नदीवर गेली. पुलाच्या वरच्या अंगापासून खालच्या अंगापर्यंत आम्ही काठ चाललो. पाणी निवळ होते, कपडे धुणाऱ्या बायका होत्या, पलीकडे उसाला लावलेल्या तोडीचा धुरळा. आणि झाडे म्हणाल तर बाभळी. नुसत्या बाभळी. आईने कपडे आपटणाऱ्या एका बाईला विचारले, "बाई, इथं करंजाचं झाड कुठं आहे हो?"

"कसलं झाड?"

"करंज. तेल काढतात बियांचं."

"न्हाई बा. हितं बाभूळच हाय. सावली पायजे तर फुलाखाली बसा."

फुलाखाली म्हणजे पुलाखाली. आई तेवढ्यातही त्या शब्दावर क्षणभर अडली होती, हे मला आठवते.

शनिवारी प्रार्थनेनंतर पुरुष बसले. बायका नेहमीप्रमाणे पडद्यामागे. मुकादम बोलले, गबई बोलले. मग आई उठली. पडद्यामागून आजवर कुणी बाई बोलली नव्हती. तिचा आवाज फार बारीक निघाला. "भीमेकाठी करंज नाही. मी जाऊन बघून आले. सगळ्या बाभळी आहेत."

मला वाटले आता झाले. आख्यानात इथेच टाळ वाजतात.

मुकादम म्हणाले, "वहिनी, तुम्हाला झाडांची पारख कधीपासून आली?"

कुणीतरी हसले. मग आणखी दोघेतिघे हसले. आणि बाबा, माझे चांगले, सरळ, कुणाला न दुखावणारे बाबा, मान खाली घालून म्हणाले, "तोडलं असेल."

तेव्हा आत्या हसली. नेहमीसारखी, मोठ्याने. "दादा, त्या दिवेलागणीला होतं आणि वहिनी बघायला जाईपर्यंत तोडलं? मुळासकट? बाभळी पण लावल्या की काय त्याच्या जागी?"

तिचे बोलणे कुणी ऐकले नाही. हसणे ऐकले. अशा वेळी जी बाई हसते तिला लाज नाही, हे सगळ्यांना पटले. पटायला काहीतरी हवेच होते. ठरले ते असे: तिच्या हातचा मलिदा कुणी घ्यायचा नाही. मलिदा तुम्ही खाल्ला आहे, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, फळे. तुमच्याकडे तो कागदी प्लेटमध्ये येतो. आपल्याकडे नवस फेडताना आपल्या यहुदी पैगंबराच्या नावाने तो वाटतात, आणि ज्याच्या हातचा मलिदा घेत नाहीत तो माणूस आपल्यातला उरत नाही. जो आपल्यातला नाही त्याच्यासाठी मुकादमांचा शब्द कसला? इस्राएलचे दार तिथेच, दौंडच्या त्या खोलीत बंद झाले.

घरी बाबा तिला म्हणाले, "मिल्का, तू झटकलंस. फुंकायचं असतं गं."

बाबांशी आत्या त्यानंतर बोलली, पण याला उत्तर असे तिने कधी दिले नाही.

आणि कीर्तन रद्द झाले नाही. हे तुम्हाला खरे वाटणार नाही. सण आला, खोली सारवली, पेटी आली, आणि गार्डच्या बायकोने तेच आख्यान लावले. तालीम झालेली होती, दुसरे कुठून आणणार? आई डोके दुखते म्हणून घरी थांबली, मी तिच्याबरोबर. आत्या चुलीपाशी बसून वांगे भाजत होती. भिंतीपलीकडे बागेतली बाई हात जोडून देवाला म्हणत होती, तुला सगळे ठाऊक आहे. आत्या पुटपुटली, "वरचा सूर घसरला." झाडाचा प्रश्न आला. चिंच आली. करंज आला. मुकादमांचा तो ओळखीचा हुंदका भिंतीतून स्पष्ट ऐकू आला. अशा जागी ते दर आख्यानात रडत. शेवटी सगळ्यांनी मिळून जयजयकार केला की निरपराध बाई सुटली.

आत्याने वांग्याची साल काढली. "मीठ दे गं रिबू," ती मला म्हणाली.

पुढचे थोडक्यात. मुकादम गेले, गबई गेले, गार्डची बायको गेली, सगळे इस्राएलला गेले. आत्याला न्हावऱ्याच्या सरकारी दवाखान्यात सुईणीचे काम मिळाले. तिथे हमीदाबी नावाच्या बाईच्या घरात तिने एक खोली घेतली आणि म्हातारी होईपर्यंत तिथेच राहिली. दोघींचे जमले, एकीला डुक्कर चालत नाही, दुसरीलाही नाही, आणि दोघींना पुरुषांचे हसणे माहीत होते. मी शिरूरला नोकरीला लागले ते न्हावरे तिथून जवळ म्हणून, हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितले नव्हते. रविवारी एसटीने जायची. आत्या उसाच्या तोडकरणींची बाळंतपणे कोपीत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, जाऊन करायची, सायकल तीच. मुली झाल्या की कुणी पेढे वाटत नसे, तेव्हा ती स्वतः गूळ वाटायची. तिच्या हातचा गूळ सगळे न्हावरे खात होते.

ती गेली तेव्हा तिला पुण्याला आपल्या कब्रस्तानात नेले. प्रार्थनेला आपले दहा पुरुष लागतात. दहा जमले नाहीत. न्हावऱ्याहून टेम्पो भरून माणसे आली होती, मराठा, मुसलमान, तोडणीवाले. मी त्यांना सांगितले, थांबा, दहा पुरुष पूर्ण होत नाहीत. एक आप्पा म्हणाले, "दहाच पायजेत ना बाई? आमी एवढे हाय की. निम्म्यांना तिनंच आणलंय जगात." मी त्यांना समजावले की ते दहा आपले लागतात. ते म्हणाले, "मग आमी कुणाचे?" प्रार्थना अपुरीच झाली.

मागे मी तुमच्याकडे इस्राएलला आले होते, तेव्हा तुमच्या गावातल्या सभागृहात जुन्या कीर्तनांचा कार्यक्रम होता. तुम्ही कंटाळून फोन बघत होतात, मी बघितले. त्यात चिंच आणि करंज आले. हे कुणाचे, मी शेजारी विचारले. शेजारच्या बाईने प्रेमाने सांगितले, "दौंडच्या मुकादमांनी रचलंय हे. फार धार्मिक होते." स्टेजवर त्यांचा फोटो होता, हार घातलेला. मी उठून काही बोलले नाही. बोलले असते तर मला विचारले असते, तुम्हाला कीर्तनाची पारख कधीपासून?

तालिया, तुझ्या विषयात प्रतिमा हा शब्द आहे. इंग्रजीत तो साधा असेल. मराठीत प्रतिमा म्हणजे मूर्तीही. आपल्या पुरुषांना देवाची प्रतिमा करायला बंदी, ती आज्ञा त्यांनी जिवापाड पाळली, आणि हातांना सवय तर हवी, म्हणून बायकांच्या केल्या. मुंडके आणणारी, मुले देणारी, बागेत रडणारी. प्रतिमेला झाडाखाली उभे करता येते आणि हवे तेव्हा सोडवता येते. तू अभ्यास कर, चांगला कर. पण त्या बाईची सुटका वाचताना एवढे विचार, की ज्या सभेने तिला आधी शिक्षा दिली होती तिचे पुढे काय झाले? तिचे काही झाले नाही. ती सभा तशीच बसून राहिली, नंतर दौंडला आली.

फोननंतर मला चैन पडेना म्हणून मी परवा न्हावऱ्याला जाऊन आले. एसटीत उसाचा वास, कांद्याची रोपे मांडीवर घेतलेल्या बायका. हमीदाबी आता नाही, तिची नातसून चहा देते. तिच्या घरासमोरच शाळा आहे. मधल्या सुट्टीत मुली मैदानात फुगड्या घालत होत्या, आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

चिंच म्हणशील, चेचीन तुला,
करंज म्हणशील, करवतीन गळा!

मी फाटकापाशी जाऊन एकीला बोलावले. दोन वेण्या, नाकाला घाम. विचारले, "हे गाणं कुणी शिकवलं गं?"

"आमच्या आज्जीनं."

"आजीला कुणी?"

"काय म्हाईत. आमचंच हाय की."

"करंज बघितलाय का कधी?"

"न्हाई. झाड असतंय."

माझ्यातली शिक्षिका गप्प बसेना. मी म्हणाले, "अगं, ते चेचीन नाही. चेचील आहे. चेचील तुला."

तिने माझ्याकडे असे बघितले, जणू मीच चुकीचे शिकून आले आहे. "चेचील? कोन चेचील? दुसरं कोन येतंय व्हय चेचायला?" आणि मैत्रिणीचे हात धरून पुन्हा गरगरायला लागली.

दौंडला आता आपले एकही घर नाही. प्रार्थनेची खोली पाडली. आत्याचा फोटो माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. भीमेकाठी करंज तेव्हा नव्हता, आताही नाही. न्हावऱ्याच्या मुलींच्या तोंडी तिच्या दोन ओळी आहेत. त्यांत ल चा न झाला आहे.